निनेवेशी नाते सांगायचे, तर ते कोणाशी?

मित्रहो, आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर दर दोन-तीन महिन्यांनी फिरून येतो. वर माणसाचे तोंड आणि पंख असलेल्या दगडी बैलाचा फोटो, आणि खाली लिहिलेले असते की अश्शूर म्हणजे असुर, असिरिया म्हणजे असुरांचे साम्राज्य, आणि तेच आपले पूर्वज. पाठवणारा कार्यकर्ता मनापासून पाठवतो. ज्यांना पुराणांनी राक्षस ठरवून मारले, त्यांची एवढी मोठी राजधानी होती हे वाचून कोणाला बरे वाटणार नाही? ही भावना आम्हाला परकी नाही. तरीही आम्ही तो मजकूर पुढे पाठवत नाही. का पाठवत नाही, हे एकदा सविस्तर लिहावे असे आमच्या अभ्यासवर्गात ठरले, म्हणून हा लेख.

पहिले कारण साधे आहे. उच्चारातले साम्य हा पुरावा नसतो. 'व्हॅटिकन म्हणजे वाटिका, ख्रिश्चॅनिटी म्हणजे कृष्णनीती' असे सांगणाऱ्यांना आपण हसतो. मग तीच पद्धत आपण वापरली की ती शास्त्रीय कशी होते? असिरिया हे नाव टायग्रिस नदीकाठच्या अश्शूर या शहरावरून आणि त्याच नावाच्या देवावरून आले. तिथली भाषा अक्कादी, म्हणजे अरबी आणि हिब्रू ज्या कुळातल्या त्याच कुळातली. त्या लोकांनी आपल्याविषयी मातीच्या पाट्यांवर ढीगभर लिहून ठेवले आहे. ते वाचायचे सोडून नुसत्या आवाजावरून नाते जोडणे हा इतिहास नव्हे.

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. समजा नाते जोडायचेच ठरवले, तरी त्या शहरात ते कोणाशी जोडणार? रथात उभ्या असलेल्या राजाशी, की त्याच्यासमोर दोर ओढणाऱ्या माणसांशी? हा प्रश्न आम्ही कल्पनेने रचलेला नाही. तो निनेवेच्या भिंतीवर दगडात कोरलेला आहे.

शहर आणि त्याचा मालक

इराकमधल्या मोसूल शहरासमोर, टायग्रिसच्या पूर्वेच्या काठावर दोन मोठी टेकाडे आहेत. एकाचे नाव कुयुंजिक, दुसऱ्याचे नबी युनूस. आपल्याकडे गावाबाहेर पांढरीचे टेकाड असते, जुन्या वस्तीची माती साचून झालेले, तशीच ही टेकाडे. फक्त आकार प्रचंड. त्यांच्याभोवती सुमारे १२ किलोमीटर लांबीच्या तटाच्या खुणा आजही दिसतात. हे निनेवे. इ.स.पू. ७०५ मध्ये गादीवर आलेल्या सेनाखेरिब राजाने इथे राजधानी आणली आणि 'ज्याला तोड नाही असा राजवाडा' बांधल्याचे स्वतःच लिहून ठेवले.

राजाने आणखीही काही लिहून ठेवले आहे. खाल्दिया, आरामी टोळ्या, मन्नाई, किलिकिया, फिलिस्ती मुलूख, टायर अशा ठिकाणची माणसे पकडून आणली, त्यांच्या डोक्यावर टोपल्या दिल्या आणि त्यांच्याकडून विटा थापून घेतल्या, असे त्याचे लेख सांगतात. इ.स.पू. ७०१ मध्ये यहुदाच्या मोहिमेत ४६ तटबंदीची गावे घेऊन २,००,१५० माणसे बाहेर काढल्याचा आकडा तो देतो. आकडा फुगवलेला असू शकतो. पण माणसे हुसकावण्याची मोजणी हाच ज्या राजाच्या बढाईचा विषय आहे, त्या राज्याचे स्वरूप समजायला आणखी काय हवे?

या शहराला पाणी आणण्यासाठी उत्तरेच्या डोंगरातून कालवा काढला गेला. वाटेत जेरवान गावाजवळ ओढा आडवा आला, म्हणून त्यावर सुमारे २८० मीटर लांबीचा दगडी पाणपूल बांधला. १९३३ साली थॉर्किल्ड याकोबसेन आणि सीटन लॉइड यांनी तो खणून मोजला, तेव्हा त्यात २० लाखांहून अधिक घडवलेले दगड असावेत असा हिशेब निघाला. प्रत्येक दगड कोणीतरी खाणीतून काढला, घडवला, वाहून आणला आणि बसवला. पुलावरच्या लेखात नाव मात्र एकाच माणसाचे आहे.

दोर कोणाच्या हातात होता?

आता त्या पंखधारी बैलाकडे या. आपल्या गटांवर फिरणारा फोटो त्याचाच, किंवा त्याच्यासारख्याच दुसऱ्या बैलाचा. तो बैल तयार कसा झाला, हे सेनाखेरिबने आपल्या राजवाड्यातल्या एका चौकाच्या भिंतींवर कोरून घेतले. ती उठावशिल्पे आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

शिल्पात अर्धवट घडवलेला बैल लाकडी घसरगाडीवर आडवा आहे. जाड दोर घेऊन माणसांच्या लांबच लांब रांगा तो ओढत आहेत. त्यांचे पोशाख आणि डोक्यावरची वस्त्रे वेगवेगळी आहेत, म्हणजे ती वेगवेगळ्या मुलुखांतून आणलेली आहेत. बाजूला काठी उगारलेले मुकादम आहेत. बैलावर उभे राहून काही जण हुकूम सोडत आहेत. शेजारच्या दृश्यांत मातीच्या टोपल्या घेऊन भराव घालणारी माणसे चढत-उतरत आहेत आणि त्यातल्या काहींच्या पायांत बेड्या आहेत. वरच्या अंगाला राजा हाताने ओढायच्या रथात उभा राहून हे पाहतो आहे.

राजाने ही शिल्पे लपवली नाहीत, उलट भिंतीवर लावली. एवढी माणसे मी एका दोराला जुंपू शकतो, हे पाहुण्यांना दिसावे हाच त्यामागचा हेतू. आपल्या दृष्टीने इथे एक मोठी गोष्ट घडली. जे वेठबिगार कुठल्याही लेखात नावाने येत नाहीत, ते आपल्या मालकाच्या गर्वामुळे दगडात शिल्लक राहिले. पंखधारी बैलाचा फोटो छाती फुगवून पाठवताना हा दोर फोटोबाहेर राहतो. म्हणून आमचा त्या फोटोला आक्षेप आहे.

पुढचा प्रसिद्ध राजा अशुरबानिपाल. त्याच्या राजवाड्यातल्या एका शिल्पात राजा बागेत मंचकावर रेलून राणीसोबत पेय घेतो आहे आणि जवळच्या झाडाला एलाम देशाच्या राजाचे कापलेले मुंडके टांगलेले आहे. याच राजाने जगप्रसिद्ध ग्रंथसंग्रह उभारला. मला लिहिता-वाचता येते, अशी तो प्रौढी मिरवत असे. बॅबिलोनियातल्या मंदिरांतून आणि पंडितांच्या घरांतून पाट्या गोळा करून पाठवा, असे फर्मान त्याच्या नावाने मिळाले आहे. एका प्रशासकीय नोंदीत निप्पूरच्या अधिकाऱ्याच्या मुलाचा उल्लेख येतो. त्याने पाट्यांची एक मालिका पूर्ण केली आणि त्याला बेड्या घातलेल्या आहेत, अशी ती नोंद आहे. म्हणजे ज्ञानाचे भांडार मोठे होते, पण ते भरणाऱ्यांपैकी काहींचे पाय साखळीत होते. ज्ञान कोणाच्या ताब्यात आहे आणि ते कोणाच्या श्रमावर उभे आहे, हे दोन्ही प्रश्न ग्रंथालयालाही विचारावे लागतात.

इ.स.पू. ६१२ मध्ये बॅबिलोनी आणि मीड फौजांनी निनेवे जाळले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड स्ट्रोनाक यांच्या पथकाने शहराचा हल्झी दरवाजा खणला, तेव्हा दरवाजाच्या वाटेतच कोसळलेल्या माणसांचे सांगाडे आणि त्यांच्यामध्ये विखुरलेली बाणांची टोके सापडली. त्याच आगीत ग्रंथसंग्रहाच्या कच्च्या मातीच्या पाट्या भाजून पक्क्या झाल्या आणि टिकल्या. दोनशे वर्षांनी, इ.स.पू. ४०१ मध्ये, ग्रीक सेनानी झेनोफन या अवशेषांजवळून गेला, तेव्हा हे निनेवे आहे हेही त्याला कोणी सांगितले नाही.

ज्यांनी खणले आणि ज्यांनी 'शोधले'

शाळेच्या पुस्तकापुरते उत्तर असे: ऑस्टिन हेन्री लेयार्ड या इंग्रजाने निनेवे शोधले. लेयार्ड कर्तबगार होता, यात वाद नाही. सेनाखेरिबच्या राजवाड्यात आपण ७१ दालने आणि वाटा उघडल्या आणि सुमारे दोन मैल लांबीची शिल्पे पाहिली, असा हिशेब त्याने १८५३च्या पुस्तकात दिला आहे. पण दोन मैल भिंत एक माणूस उघडतो का? डोंगरी मुलखातले नेस्टोरियन ख्रिस्ती कुदळ चालवत आणि अरब टोळ्यांतली माणसे माती वाहत. १८४७ मध्ये जवळच्या निमरूद येथून एक पंखधारी बैल नदीपर्यंत न्यायचा होता, तेव्हा सुमारे ३०० माणसांनी त्याची गाडी ओढली. अडीच हजार वर्षांनी पुन्हा तोच बैल, तोच दोर. एवढा फरक की या वेळी ओढणाऱ्यांना मजुरी मिळत होती.

कीलाक्षर लिपी, म्हणजे पाचरीसारख्या खुणांची लिपी, वाचण्याचे श्रेय ज्यांना मिळाले त्यांत हेन्री रॉलिन्सनचे नाव ठळक आहे. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातला अधिकारी. १८२७ साली तो मुंबईत उतरला आणि फारसी इथेच शिकला. इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर तीन भाषांतला एक लेख आहे. त्यातला बॅबिलोनी भाग इतक्या अवघड जागी होता की तिथवर पोहोचायला कोणी तयार होईना. १८४७ मध्ये एक कुर्दी मुलगा कड्याच्या खाचांमध्ये खुंट्या ठोकत, दोराला लोंबकळत तिथे गेला आणि ओल्या कागदाने अक्षरांचे ठसे घेऊन आला. त्या ठशांवर रॉलिन्सनची कीर्ती उभी राहिली. मुलाचे नाव त्याने नोंदवले नाही.

होर्मुझ्द रस्साम

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्या माणसाकडे येऊ. होर्मुझ्द रस्साम १८२६ मध्ये मोसूलला खाल्दी ख्रिस्ती कुटुंबात जन्मला. म्हणजे निनेवेची टेकाडे लहानपणापासून नदीपलीकडे पाहत वाढलेला हा मुलगा. १८४६ मध्ये लेयार्डने त्याला कामावर घेतले. मजुरांवर देखरेख, त्यांचे पगार, स्थानिक लोकांशी बोलणी हे सगळे तो पाहत असे. लेयार्ड राजकारणात गेल्यावर १८५२ मध्ये ब्रिटिश म्युझियमने खोदकाम रस्सामकडे दिले, पण देखरेखीला बगदादचा कॉन्सल म्हणून रॉलिन्सन होताच.

रस्सामचा कुयुंजिकच्या उत्तर भागावर डोळा होता. अडचण अशी की रॉलिन्सनने तो भाग फ्रेंचांना देऊन टाकला होता. डिसेंबर १८५३ मध्ये रस्सामने निवडक मजूर घेऊन रात्रीच्या अंधारात तिथे खणायला सुरुवात केली. काही रात्रींतच भिंतीवरची शिल्पे उघडी पडली. तो अशुरबानिपालचा राजवाडा होता. जगभर गाजलेली सिंहांच्या शिकारीची शिल्पे तिथलीच. तिथेच हजारो मातीच्या पाट्या सापडल्या आणि लेयार्डला आधी मिळालेल्या पाट्यांसह तो संग्रह आज तुकडे धरून ३०,००० हून अधिक भरतो. गिल्गामेशच्या महाकाव्याच्या पाट्या त्यातल्याच.

१८७२ मध्ये त्यांतल्या एका पाटीवर महापुराची कथा वाचून जॉर्ज स्मिथने लंडन हादरवून सोडले. स्मिथविषयी आम्हाला आदरच आहे. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेला, नोटांच्या छपाईचे ठसे कोरणारा हा कामगार जेवणाच्या सुट्टीत म्युझियममध्ये जाऊन ही लिपी शिकला. युवकांनी त्याचे चरित्र जरूर वाचावे. पण ती पाटी ज्यांनी मातीतून काढली त्यांची नावे त्या दिवशी कोणी घेतली नाहीत.

रस्सामचे पुढचे आयुष्य वादळी आहे. तो एडनला ब्रिटिश नोकरीत गेला. एडन तेव्हा मुंबई सरकारच्या अखत्यारीत होते. तिथून त्याला इथिओपियाच्या सम्राटाकडे वाटाघाटीला पाठवले आणि सम्राटाने त्यालाच कैदेत टाकले. १८६८ मध्ये त्याची सुटका करणारी नेपियरची फौज मुंबईहून निघाली होती. त्या काळी मुंबई लष्कराच्या पलटणींत महार शिपाई भरती होत असत, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

१८७७ ते १८८२ या काळात त्याने पुन्हा उत्खनने केली. बालावातच्या दरवाजांचे कासे, सिप्परमधल्या असंख्य पाट्या आणि १८७९ मध्ये बॅबिलोनमधला सायरसचा मातीचा दंडगोल ही त्या काळातली फळे. हाच दंडगोल २०१३च्या डिसेंबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहुणा म्हणून आला होता. आपल्यापैकी काहींनी तो पाहिलाही असेल.

एवढे करून पदरात काय पडले? म्युझियमच्या माहितीत आपल्या शोधांचे श्रेय रॉलिन्सन आणि इतरांच्या नावे लावले जाते, ही रस्सामची कायमची तक्रार राहिली. त्यावर कडी म्हणजे म्युझियममधलाच अधिकारी वॉलिस बज याने असा आरोप केला की रस्सामचे नातेवाईक खोदकामातल्या चांगल्या पाट्या बाहेर विकतात. स्थानिक माणूस म्हटला की तो चोर असणार, हा सूर आपल्याला ओळखीचा वाटतो ना? रस्साम गप्प बसला नाही. त्याने लंडनच्या न्यायालयात अब्रुनुकसानीचा दावा लावला. लेयार्ड त्याला अत्यंत प्रामाणिक माणूस मानत होता आणि त्याच्या कामाची दखल घेतली गेली नाही असेही म्हणत होता. १८९३ मध्ये निकाल रस्सामच्या बाजूने लागला. भरपाई मिळाली ५० पौंड. विद्वानांच्या वर्तुळात मात्र बज मोठाच राहिला. रस्सामचे आत्मकथनपर पुस्तक १८९७ मध्ये छापले गेले ते अमेरिकेत. १९१० मध्ये इंग्लंडमधल्या होव्ह इथे तो वारला.

इथे आम्ही रस्सामचीही आरती ओवाळणार नाही. त्याने घाईने, अनेक ठिकाणी एकाच वेळी खणले. नोंदी अपुऱ्या ठेवल्या, त्यामुळे कोणती पाटी कोणत्या खोलीतली हे आज सांगता येत नाही. आपल्याच मातीतली संपत्ती पेट्यांत भरून त्याने परदेशी धाडली. हे दोष खरे आहेत. पण त्याच्या काळातल्या गोऱ्या उत्खननकारांचेही दोष बहुतेक हेच होते. त्यांना 'आद्य प्रवर्तक' म्हटले गेले आणि याला 'लुटारू'. मोजमाप एकच हवे, एवढीच आमची मागणी आहे.

मुंबईची गोदी

या सगळ्या व्यवहारात मुंबई केवळ नकाशावरचे नाव नव्हती. लेयार्डने काढलेल्या शिल्पांच्या पेट्या हवा भरलेल्या कातड्यांच्या तराफ्यांवरून बसऱ्यापर्यंत जात, तिथून जहाजाने मुंबईला येत आणि मग इंग्लंडला रवाना होत. मुंबईच्या धक्क्यावर काही पेट्या उघडल्या गेल्या आणि लोकांनी त्यातल्या वस्तू पाहिल्या. नंतर त्या नीट बांधल्या नाहीत, म्हणून लेयार्ड संतापला होता. असिरियन राजवाड्यांची काही उठावशिल्पे आजही मुंबईच्या संग्रहालयात पाहायला मिळतात. ती ज्या हमालांनी पाठीवर-खांद्यावर घेऊन उतरवली, ते या शहराच्या इतिहासातले आपले खरे दुवे आहेत. 'असुर' या शब्दापेक्षा हे नाते कितीतरी पक्के आहे.

आज

निनेवे अजून संपलेले नाही. जून २०१४ मध्ये आयसिसने मोसूल घेतले. घराघरावर 'नून' हे अक्षर रंगवून ख्रिस्ती कुटुंबांना हाकलले गेले, म्हणजे रस्सामच्याच समाजाला. सिंजारमध्ये यझिदींची कत्तल झाली, बायका-मुलींना बाजारात विकले गेले. फेब्रुवारी २०१५च्या व्हिडिओत नेर्गल दरवाजावरच्या पंखधारी बैलाचा चेहरा यंत्राने फोडताना दाखवला. जगभरात हळहळ झाली, आम्हालाही दुःख झाले. पण जितकी वेळ बैलाचा चेहरा दाखवला गेला, तितकी वेळ त्या मुलींचे चेहरे दाखवले गेले का? ज्यांनी बैल फोडला त्यांनी माणसेही बाजारात मांडली. या दोन गोष्टी एकाच बातमीत यायला हव्या होत्या.

शहर मुक्त झाल्यावर काम पुन्हा सुरू झाले. आयसिसने जमीनदोस्त केलेल्या मश्की दरवाजाच्या जागी २०२२ मध्ये इराकी आणि अमेरिकन पथकाला सेनाखेरिबच्या काळातली शिल्पे सापडली. जमिनीखाली गाडलेला भाग शाबूत राहिला होता. त्याच वर्षी मोसूल विद्यापीठाचे जळालेले ग्रंथालय पुन्हा उघडले. या वेळी तिथले तरुण नुसती माती वाहत नाहीत, नोंदीही तेच लिहितात.

तेव्हा मित्रहो, तो मजकूर पुन्हा आला तर पाठवणाऱ्यावर चिडू नका. त्याला सेनाखेरिबच्या भिंतीवरचा तो दुसरा फोटो पाठवा, ज्यात बैल आडवा आहे आणि दोर दिसतो. आज ब्रिटिश म्युझियमच्या नोंदींत उत्खनन करणारा म्हणून होर्मुझ्द रस्सामचे नाव लागते. ते आपोआप लागलेले नाही. तो भांडला, त्याने लिहून ठेवले, आणि पुढच्या अभ्यासकांनी त्याचे लिहिलेले शोधून वाचले. कड्यावर चढलेल्या कुर्दी मुलाचे नाव मात्र गेले ते गेलेच. आपल्या वस्तीत, आपल्या तालुक्यात कुठे जुने टेकाड खणले जात असेल, तर तिथे कुदळ चालवणाऱ्यांची नावे या आठवड्यातच वहीत लिहून घ्या.